आधी भाकर, मग देववाणी

१९७४ साली न्यूयॉर्क राज्यात दोन माणसे एकाच दुखण्याचा छडा लावत होती. एक ज्यू मानसशास्त्रज्ञ, दुसरा कॅथलिक धर्मगुरू. एक मॅनहॅटनच्या गजबजाटात, दुसरा त्याच राज्याच्या पश्चिमेकडच्या शेतशिवारात.

हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांचा जन्म जर्मनीतल्या फ्रँकफर्टचा. नाझींच्या तावडीतून निसटून पोरवयात ते अमेरिकेला आले, तिथेच शिकले, मानसशास्त्रज्ञ झाले. दिवसभर स्वतःच्या दवाखान्यात रुग्ण बघायचे आणि संध्याकाळी ईस्ट व्हिलेजमधल्या मोफत दवाखान्यात नशेच्या विळख्यात सापडलेल्या पोरांवर उपचार करायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. घरी परतायला मध्यरात्र उलटून जाई. या दवाखान्यात राबणारे स्वयंसेवक पैशासाठी आलेले नव्हते. काहीतरी चांगले करायचे या ओढीने आलेली ही तरुण मंडळी साधारण वर्षभरात ओळखू येईनाशी होत. झोप उडे, डोके दुखे, सर्दी हटता हटत नसे, क्षुल्लक गोष्टीवरून वादावादी होई. आणि ज्या रुग्णांसाठी आलो त्यांचाच तिटकारा येऊ लागे. फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये 'जर्नल ऑफ सोशल इश्यूज' या नियतकालिकात लेख लिहून या अवस्थेला 'बर्नआउट' म्हटले. आणखी एक गोष्ट त्यांनी हेरली होती. आधी कोसळतात ते सगळ्यात तळमळीचे लोक. कामचुकारांना हे दुखणे सहसा शिवत नाही. त्यांचा स्वतःचा अनुभवही तोच होता. कुटुंबाबरोबर सुटीवर निघायच्या दिवशी त्यांना अंथरुणातून उठवेना. मग टेपरेकॉर्डरपुढे बसून त्यांनी मनातले बोलून काढले, ते पुन्हा ऐकले आणि स्वतःचे निदान स्वतःच केले.

दुसरे गृहस्थ हेन्री नाउवेन. जन्म १९३२, नेदरलँड्समधला. धर्मगुरूची दीक्षा घेतल्यावर त्यांनी मानसशास्त्राचाही अभ्यास केला होता आणि आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या धर्मशास्त्र विभागात ते शिकवत होते. पुस्तके निघत होती, व्याख्यानांची निमंत्रणे थांबत नव्हती, टेबलावर पत्रांचा ढीग साचत होता. लोकांना प्रार्थनेचे आणि एकांताचे महत्त्व सांगता सांगता स्वतः प्रार्थनेला बसायला सवड उरली नव्हती. जून १९७४ मध्ये त्यांनी हे सगळे बाजूला ठेवले आणि रॉचेस्टर शहराच्या दक्षिणेला, पिफर्ड गावाजवळच्या जेनेसी मठात ते सात महिने राहायला गेले. पाहुण्यासारखे राहायचे नाही; मठवासी जे खातील ते खायचे आणि जे करतील ते करायचे, असे ठरवून.

जेनेसीचा मठ ट्रॅपिस्ट पंथाचा. मौन, अंगमेहनत आणि सामुदायिक प्रार्थना ही तिथली घडी. दिवस सुरू होतो रात्री दोनच्या सुमारास, पहिल्या प्रार्थनेने. मठाचा खर्च चालतो बेकरीवर. 'मंक्स ब्रेड' या नावाने त्यांचा पाव दुकानांतून विकला जातो. येलच्या प्राध्यापकमहाशयांना तिथे बेकरीत पावांची उचल-ठेव करायचे, मनुके धुवायचे आणि नव्या चर्चच्या बांधकामासाठी ओढ्यातले दगड गोळा करायचे काम मिळाले. सुरुवातीला त्यांची फार चिडचिड झाली. हातातले काम एकदाचे उरकावे आणि 'खऱ्या' कामाकडे, म्हणजे वाचन-लेखनाकडे वळावे, असे वाटत राही. पत्रांचा ताप नको म्हणून इथवर आलेला हा माणूस टपाल आले नाही की खट्टू होई. आपल्याला सगळे विसरले की काय, ही धास्ती! हे सारे त्यांनी रोजनिशीत लपवाछपवी न करता लिहून ठेवले. ती १९७६ मध्ये 'द जेनेसी डायरी' म्हणून प्रसिद्ध झाली, आणि तिच्यातला हा कबुलीजबाबच तिला आजवर वाचनीय ठेवतो. अध्यात्मावरच्या पुस्तकांत लेखक बहुधा पहिल्या प्रकरणातच शांत झालेला असतो. इथे तसे नाही.

या मठाचे प्रमुख होते जॉन यूड्स बँबर्गर. ते शिक्षणाने डॉक्टर आणि मनोविकारतज्ज्ञ, शिवाय केंटकीतल्या गेथसेमनी मठात ट्रॅपिस्ट लेखक थॉमस मर्टन यांच्या हाताखाली घडलेले. नाउवेन त्यांच्याशी नेमाने बोलायला बसत. आणि योगायोग असा, की चौथ्या शतकातल्या एव्हाग्रियस नावाच्या तपस्व्याचा 'प्राक्टिकोस' हा छोटेखानी ग्रंथ इंग्रजीत आणला तो याच बँबर्गर यांनी. फ्रॉइडेनबर्गर ज्या अवस्थेकडे बोट दाखवत होते, तिच्या एका जुन्या नातलगाचे वर्णन या ग्रंथात सोळाशे वर्षांपासून पडून होते.

एव्हाग्रियस हा मूळचा काळ्या समुद्राकाठच्या पोंतस प्रांतातला. कॉन्स्टँटिनोपलच्या चर्चमध्ये तो झपाट्याने वर चढला. वक्तृत्व असे, की पाखंड्यांशी वाद घालावा तर त्यानेच. मग एका विवाहित, वजनदार घरातल्या स्त्रीच्या प्रेमात पडला, घाबरला आणि पळून थेट जेरुसलेमला पोहोचला. तिथे सहा महिने तापाने अंथरुणाला खिळला. वैद्यांना काही कळेना. ऑलिव्ह डोंगरावर मठ चालवणाऱ्या मेलानिया या विदुषीने त्याला बोलते केले, सगळी हकिकत काढून घेतली आणि संन्यासी व्हायचे वचन घेतले. तो बरा झाला. पुढे इजिप्तच्या वाळवंटात जाऊन, नित्रिया आणि मग केलिया इथल्या तपस्व्यांत त्याने उरलेले आयुष्य काढले. तिथेच ३९९ मध्ये तो वारला.

वाळवंटात त्याला एक निराळाच शत्रू भेटला. 'आसेडिया' हे त्याचे नाव, 'दुपारचे भूत' ही ओळख. एव्हाग्रियसच्या निरीक्षणानुसार हा हल्ला सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान येतो. सूर्य जागचा हलत नाहीसा वाटतो. संन्यासी सारखा खिडकीकडे बघतो, जेवणाची वेळ व्हायला किती अवकाश आहे म्हणून झोपडीबाहेर येऊन उन्हाचा अंदाज घेतो, कुणी सोबती येतोय का ते न्याहाळतो. मग कामाचा कंटाळा, जागेचा वीट. इथल्या लोकांत आता प्रेम उरलेले नाही, असे वाटू लागते. दुसरीकडे गेलो तर जास्त बरे चालेल; देव काय, कुठेही भेटतो; घरच्यांची आठवण येते; अजून किती वर्षे काढायची आहेत ते डोळ्यांपुढे उभे राहते. ऑफिसच्या खुर्चीत बसून दर दहा मिनिटांनी मोबाइल उघडणाऱ्याला, नोकरीच्या जाहिराती चाळणाऱ्याला हे वर्णन परके वाटणार नाही. दोन्ही गोष्टी एकच आहेत असे मात्र नव्हे. आसेडिया ही एकांतातल्या, संथ आयुष्यातली व्याधी. बर्नआउट बहुतेक वेळा अतिकामातून येतो. पण जे करतो आहोत त्यातला अर्थ निघून जाणे आणि जवळच्या माणसांविषयी मन कोरडे होणे, ही खूण दोघांत सारखी आहे.

एव्हाग्रियसने उपाय काय सांगितला? चमत्कार नाही. झोपडी सोडू नकोस. कामाचे माप आधीच ठरव आणि तेवढे झाल्याशिवाय उठू नकोस, पण त्यापलीकडेही जाऊ नकोस. प्रार्थना लहान असू दे. रडू आले तर रड. आणि आपल्या गुरूचा म्हणून त्याने एक सल्ला नोंदवला आहे : मनाने उद्याच मरायचे आहे असे जगावे, शरीराशी मात्र अजून पुष्कळ वर्षे काढायची आहेत असे वागावे. उपासतापासांत एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या वाळवंटात हे सांगायला धैर्य लागले असेल.

जेनेसीहून नाउवेन नाताळच्या सुमारास परतले. सहाआठ महिन्यांनी रोजनिशीचा समारोप लिहिताना त्यांनी जे नोंदवले ते मठाच्या जाहिरातीला मुळीच उपयोगी पडणारे नाही. सात महिन्यांनी आपण वेगळा माणूस होऊ, हा त्यांचा सगळ्यात मोठा भ्रम होता. जुनी धावपळ, जुनी अस्वस्थता काही आठवड्यांतच दारात हजर झाली. नंतर येल सोडले, दक्षिण अमेरिकेत काही महिने काढले, हार्वर्डमध्ये शिकवले; तिथे तर जास्तच एकटे पडले. शेवटी १९८६ मध्ये त्यांनी प्राध्यापकी सोडली आणि कॅनडात टोरांटोजवळ रिचमंड हिल इथल्या 'डेब्रेक' या वसाहतीत राहायला गेले. बौद्धिक अपंगत्व असलेली माणसे आणि त्यांचे सहायक तिथे एका घरात राहतात. 'लार्श' नावाच्या चळवळीची ही शाखा. (या चळवळीचे संस्थापक जाँ व्हानिए यांनी अनेक स्त्रियांचे शोषण केल्याचे त्यांच्या मृत्यूनंतर, २०२० मध्ये, संस्थेनेच नेमलेल्या चौकशीतून उघड झाले. त्यामुळे लार्शची गोष्ट आता पूर्वीच्या भाबडेपणाने सांगता येत नाही.)

डेब्रेकमध्ये नाउवेन यांच्याकडे ॲडम नावाच्या तरुणाची जबाबदारी आली. ॲडमला बोलता येत नव्हते, आधाराशिवाय चालता येत नव्हते, वारंवार फिट्स येत. त्याला उठवायचे, आंघोळ घालायची, दाढी करायची, कपडे चढवायचे, घास तोंडापर्यंत न्यायला मदत करायची. सकाळचे दोन तास यातच जात. घाई केली तर ॲडमला फिट येई, म्हणून घाई करून चालतच नसे. नाउवेन यांच्या पुस्तकांविषयी, नावलौकिकाविषयी या तरुणाला काडीचेही देणेघेणे नव्हते. पुढे नाउवेन यांनी ॲडमवर एक अख्खे पुस्तक लिहिले आणि त्याला आपला गुरू म्हटले. हे वाचून काहींना भावुकपणा वाटतो. पण ज्याची सगळी किंमत आजवर त्याच्या कामावरून ठरली, त्याला कामाची मोजदादच न करणारा माणूस भेटणे म्हणजे काय, ते भुक्तभोगीच जाणे.

आणि तरीही डिसेंबर १९८७ मध्ये ते कोसळले. एक जवळची मैत्री तुटली आणि तिच्यामागे दडलेले जुने एकटेपण उफाळून आले. झोप लागेना, रडू थांबेना. या वेळी सहकाऱ्यांनी त्यांना विनिपेगला पाठवले. तिथे सहाएक महिने दोन समुपदेशकांच्या देखरेखीखाली ते राहिले. प्रार्थना होती, तसे रोजचे समुपदेशनही होते. त्या काळात स्वतःलाच उद्देशून लिहिलेली टिपणे त्यांनी आठ वर्षे कुणाला छापू दिली नाहीत. 'दी इनर व्हॉइस ऑफ लव्ह' या नावाने ती १९९६ मध्ये बाहेर आली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात नेदरलँड्समध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. श्रद्धा असली की बर्नआउट होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे चरित्र एकदा वाचावे. आणि श्रद्धेने काही होत नाही, असे म्हणणाऱ्यांनीही; कारण विनिपेगहून नाउवेन डेब्रेकलाच परतले आणि अखेरपर्यंत तेच त्यांचे घर राहिले.

थकव्याचा विषय निघाला की ख्रिस्ती परंपरा एका गोष्टीकडे वारंवार वळते. बायबलच्या जुन्या करारात, राजांच्या पहिल्या पुस्तकात ती आहे. एलीया संदेष्टा कर्मेल डोंगरावर बआलच्या शेकडो संदेष्ट्यांना एकटा पुरून उरला. दुष्काळ संपला, पाऊस आला, लोक त्याच्या बाजूला झुकले. यशाचा कळसच. दुसऱ्याच दिवशी ईजबेल राणीने जिवे मारण्याची धमकी पाठवली आणि हा लढवय्या पळत सुटला. वाळवंटात दिवसभराची वाट चालून एका रतामाच्या झुडपाखाली बसला आणि आता मरण दे म्हणून देवाकडे मागू लागला. मागता मागता झोपी गेला.

पुढे काय होते ते बारकाईने बघण्यासारखे आहे. देवदूत येतो, पण उपदेश करत नाही. तुझी श्रद्धा कमी पडली असेही म्हणत नाही. एलीयाला हलवून उठवतो आणि खायला सांगतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे असते. एलीया खातो, पितो, पुन्हा आडवा होतो. देवदूत त्याला झोपू देतो. मग दुसऱ्यांदा उठवून पुन्हा जेवू घालतो, कारण पुढची वाट लांबची आहे. चाळीस दिवसांच्या चालीनंतर होरेब डोंगरावर वारा, भूकंप, अग्नी असे सगळे होऊन गेल्यावर त्याला देवाची वाणी ऐकू येते, तीही हळू. आणि त्या वाणीतला मजकूर तर चक्क व्यवस्थापनाचा आहे : तुझ्या जागी अलीशाला तयार कर, आणि तू एकटा उरलेला नाहीस, आणखी सात हजार जण आहेत. झोप, अन्न, चालणे, एकांत, मनातले बोलून टाकणे, मदतनीस, आपण एकटेच नसल्याची खात्री. क्रमही लक्षात घेण्याजोगा. देववाणी बरीच शेवटी येते.

हा क्रम ओळखणाऱ्यांत लंडनचे चार्ल्स स्पर्जन होते. व्हिक्टोरियन इंग्लंडमधले हे सर्वांत लोकप्रिय प्रवचनकार. १९ ऑक्टोबर १८५६ रोजी, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, सरे गार्डन्स म्युझिक हॉलमध्ये हजारोंच्या गर्दीपुढे ते उभे असताना कुणीतरी आग लागल्याची आरोळी ठोकली. आग नव्हतीच. चेंगराचेंगरीत सात जण मेले. स्पर्जन यांना तिथून उचलून न्यावे लागले आणि ती संध्याकाळ जन्मभर त्यांचा पाठलाग करत राहिली. त्यात पुढे संधिवात, मूत्रपिंडाचा विकार, अनाथाश्रम, प्रवचनकारांचे विद्यालय, दर आठवड्याला छापली जाणारी प्रवचने. विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या त्यांच्या व्याख्यानांचा संग्रह १८७५ मध्ये निघाला. त्यात एक अख्खे व्याख्यान पाळकांच्या खचण्यावर आहे. मोठ्या यशाच्या आधी, यशाच्या लगेच नंतर, आणि दीर्घ श्रमांत विसावा मिळाला नाही तर मन खचते, असे ते रोग्याचा तक्ता मांडावा तसे सांगतात. एलीयाचे उदाहरण तिथेही येते. गवत कापणारा मधूनच थांबून विळ्याला धार लावतो तेव्हा तो वेळ फुकट घालवत नसतो, हा त्यांचा दाखला. मोकळ्या हवेत, रानात एक दिवस घालवा, हा सल्ला. स्वतः ते हिवाळा फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या माँताँ गावी काढत. सगळ्यांना अर्थातच माँताँ परवडत नाही, आणि त्यांनाही ते पुरले नाही. १८९२ च्या जानेवारीत तिथेच त्यांचा मृत्यू झाला. वय सत्तावन्न.

एकेकट्याच्या आजारपणापेक्षा व्यापक अशी एक व्यवस्था ख्रिस्ती लोकांना ज्यू धर्माकडून वारशाने मिळाली : सात दिवसांतला एक दिवस काम बंद. शब्बाथाची आज्ञा बायबलमध्ये दोनदा येते आणि दोन्हीकडे कारण वेगवेगळे दिले आहे. निर्गमाच्या पुस्तकात कारण असे, की देवाने सहा दिवसांत सृष्टी करून सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादाच्या पुस्तकातले कारण अधिक झोंबणारे आहे : तुम्ही मिसरात गुलाम होता, ते विसरू नका. म्हणूनच त्या आज्ञेत मालकाबरोबर दास, दासी, परका माणूस आणि बैल-गाढव यांनाही सुटी आहे. जो स्वतः थांबतो पण मोलकरणीला राबवतो, त्याने ही आज्ञा पाळली असे होत नाही.

ही बाब मुंबईला फार जवळची आहे. गिरण्यांत आठवड्याची सुटी नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेऊन सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातली पहिली मोठी मागणी रविवारच्या सुटीची होती. १८९० च्या जूनमध्ये गिरणीमालकांनी ती मान्य केली. साहेबाला रविवारी चर्चमध्ये जायचे असे, त्यामुळे कचेऱ्या त्या दिवशी बंदच असत. लोखंडे यांनी रविवार हा खंडोबाचा वार असल्याचे पुढे केले. ख्रिस्ती पंचांगातून आलेला वार जेजुरीच्या देवाच्या नावाने कामगारांच्या पदरात पडला, हा इतिहासातला खासा मजेशीर सांधा आहे.

आजचे संशोधन काय म्हणते? जर्मन मानसशास्त्रज्ञ झाबिने सोनेनटाग यांनी कामानंतरच्या विश्रांतीचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्यांच्या मांडणीत एक मुद्दा कळीचा आहे : शरीराने ऑफिस सोडणे पुरत नाही, मनाने सुटावे लागते. सुटीच्या दिवशीही डोक्यात काम घोळत असेल तर थकवा उतरत नाही. शब्बाथाचे कडक नियम, जे बाहेरच्याला जाचक वाटतात, ते नेमके हेच साधतात. आज करू की नको, हा विचारच उरत नाही. निर्णय आधीच झालेला असतो. गोव्यात आणि वसईत दिवसातून तीन वेळा वाजणारी आंजेलूसची घंटा हे त्याचेच छोटे रूप. घंटा वाजली की हातातले काम क्षणभर थांबवून प्रार्थना म्हणायची, ही तिथल्या जुन्या ख्रिस्ती घरांची रीत.

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातले पाळक यूजीन पीटरसन यांनी शब्बाथाचा एक वेगळाच अर्थ लावला. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात दिवसाची मोजणी संध्याकाळ आणि मग सकाळ अशी होते. म्हणजे दिवस सुरू होतो तो आपल्या झोपेने. आपण निजतो तेव्हा देवाचे काम चालू असते. सकाळी उठून आपण चालू कामात सामील होतो. आपल्यावाचून जग अडत नाही, हे रोज रात्री नव्याने मान्य करायचे. रविवार हा पाळकाचा सर्वांत धावपळीचा दिवस, म्हणून पीटरसन आणि त्यांची पत्नी सोमवारी शब्बाथ पाळत. डबा घेऊन रानात जायचे, एखादे स्तोत्र वाचायचे, दोनतीन तास न बोलता चालायचे आणि मग जेवताना गप्पा.

पण त्या सोमवारापर्यंत पोहोचायला त्यांना ठेच लागावी लागली. नवी मंडळी (स्थानिक चर्च) उभारण्याच्या दिवसांत रोज संध्याकाळी कुठली ना कुठली बैठक असे. त्यांच्या लहानग्या मुलीने गोष्ट वाचून दाखवायला सांगितले, तर बैठक आहे म्हणून ते निघाले. तेव्हा सलग कितव्या रात्री बाबा घरी नाही, तो आकडाच तिने ऐकवला. ती मोजत होती! त्या रात्रीच्या बैठकीत पीटरसन यांनी राजीनामा पुढे केला. मंडळीच्या वडीलजनांनी विचारले, मग तुम्हाला करायचे तरी काय आहे? प्रार्थना, वाचन, प्रवचनाची तयारी आणि माणसांना भेटणे, असे त्यांनी सांगितले. वडीलजन म्हणाले, बाकीचे आम्ही बघतो. मोशेच्या गोष्टीत सासरा इथ्रो जे करतो तेच हे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्याने न्यायनिवाडा करणाऱ्या जावयाला त्याने बजावले, की अशाने तूही झिजशील आणि रांगेतले लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसे नेम.

इथे अडचणीचा भाग येतो. जो धर्म विश्रांतीची आज्ञा देतो, त्याच्याच सेवकांना ती मिळत नाही. ड्यूक विद्यापीठाने २००७ पासून नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या मेथडिस्ट पाळकांच्या आरोग्याचा अभ्यास सुरू केला. रे जीन प्रोशोल्ड-बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना लठ्ठपणाचे प्रमाण पाळकांत जवळजवळ ४० टक्के आढळले, राज्यातल्या इतर लोकांपेक्षा सुमारे १० टक्केबिंदूंनी जास्त. नैराश्याचे प्रमाणही चढेच होते. कोविडनंतर, मार्च २०२२ मध्ये, बार्ना या संशोधन संस्थेच्या पाहणीत अमेरिकेतल्या ४२ टक्के प्रॉटेस्टंट पाळकांनी गेल्या वर्षभरात पूर्णवेळ सेवा सोडण्याचा विचार मनात आल्याचे सांगितले. काम देवाचे असले की 'आता पुरे' म्हणणे हा जणू अपराध वाटतो. आजारी माणसाची भेट, अंत्यविधी, लग्न, भांडणातली मध्यस्थी, छपराची गळती : यातले आज कुठले टाळायचे?

मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक आणि मायकेल लाइटर यांनी बर्नआउटची मुळे सहा ठिकाणी शोधली : कामाचा भार, त्यावरचा ताबा, मोबदला, माणसांची साथ, न्याय्य वागणूक आणि मूल्ये. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये बर्नआउटचे वर्णन करताना तो आजार नसून कामाच्या ठिकाणच्या, आटोक्यात न आलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम असल्याचे म्हटले. याचा सरळ अर्थ असा, की थकलेल्या नर्सला किंवा शिक्षकाला फक्त जास्त प्रार्थना करायला सांगणे ही फसवणूक ठरू शकते. त्या नर्सची ड्यूटी बारा तासांचीच राहिली, तर वांद्र्याच्या किंवा गोव्यातल्या बागाच्या रिट्रीट हाऊसमध्ये काढलेले तीन दिवस चौथ्या दिवशी विरून जातात. नैराश्य असेल तर डॉक्टर आणि औषध हवेच. श्रद्धा यात काय करू शकते? साथ आणि मूल्ये या दोन जागी तिचा हात खोलवर पोहोचतो. आणि ती थांबायला नैतिक परवानगी देते, जी तळमळीच्या माणसाला स्वतःकडून सहजी मिळत नाही.

परवानगीबरोबर पैसाही लागतो, हे ओळखून इंडियानापोलिसची लिली एंडोमेंट ही संस्था पाळकांच्या दीर्घ रजेसाठी बरीच वर्षे अनुदान देत आली आहे. ही रक्कम बरीच वर्षे पन्नास हजार डॉलरपर्यंत होती. त्यातले पंधरा हजारांपर्यंत मंडळीने वापरायचे असत, म्हणजे पाळक नसताना प्रवचनाला, भेटीगाठींना दुसरी माणसे बोलावता यावीत. एका रविवारी दोनतीन गावांच्या उपासना उरकणाऱ्या आपल्याकडच्या पाळकाला हे आकडे परीकथेतले वाटतील. पण त्या योजनेतली एक अट बिनखर्चाची आहे आणि ती कुठेही चालण्यासारखी आहे : रजेचा अर्ज पाळकाने करायचा नसतो, तो त्याच्या मंडळीने करायचा असतो.